लाकडाच्या भुशाने निकेल काढताना: एका प्लेटिंग युनिटचं प्रकरण

ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. वनस्पतिजन्य अधिशोषक (धातू आपल्या पृष्ठभागावर चिकटवून धरणारा पदार्थ) वापरून पाण्यातले जड धातू काढायचे असं ठरवणाऱ्या कुणालाही ज्या अडचणी येतील, त्यांपैकी बऱ्याचशा या एका प्रकरणात आल्या.

पार्श्वभूमी

निकेल आणि तांब्याचं प्लेटिंग करणारं एक लहान युनिट. मुलामा दिलेले भाग ज्या पाण्यात धुतले जातात ते पाणी रोज सुमारे ४,००० लिटर, आठ तासांच्या एका पाळीत. त्यात चुना घालून सामू (pH) ९ च्या आसपास आणायचा, धातूंचे हायड्रॉक्साइड पुंजके निवळण टाकीत बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून काढायचं आणि थोडं आम्ल घालून सोडून द्यायचं, अशी जुनी पद्धत होती. क्रोमचं धुणं पहिल्यापासून वेगळ्या वाटेने जात होतं.

परवान्यातली मर्यादा निकेल आणि तांबं दोन्हींसाठी लिटरला १ मिलिग्रॅम. बाहेर पडणाऱ्या पाण्यात निकेल ४ ते ७, सरासरी ६; तांबं १.२. तांब्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. निकेल मात्र प्रत्येक तपासणीत नापास होत होतं.

दिवसाला ४,००० लिटर आणि लिटरला ६ मिलिग्रॅम म्हणजे २४ ग्रॅम निकेल. हा गुणाकार अगदी पहिल्या दिवशी कागदावर असायला हवा होता. तो तिसऱ्या महिन्यात झाला.

अडचण

तांब्याचं हायड्रॉक्साइड सामू ८ ते ९ मध्ये चांगलं खाली बसतं. निकेलला १० च्या पुढे जावं लागतं. चुना हाताने टाकला जात असल्याने टाकीतला सामू दिवसभरात ८.५ ते ९.२ असा हिंदकळत असे, आणि त्या पट्ट्यात सामू ०.५ ने घसरला की विरघळलेलं निकेल दहापट होऊ शकतं. म्हणजे अडचणीचा मोठा भाग चुन्याच्या टाकीतच होता. हे नंतर लक्षात आलं. त्या वेळी विचार झाला तो एवढाच, की शेवटी आणखी एक टप्पा जोडू आणि उरलेलं निकेल त्यात पकडू.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय सामू १०.३ पर्यंत न्यायचा. त्यात नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, पण सोडण्याआधी पाणी परत ९ च्या खाली आणायला आम्ल लागतं आणि गाळ वाढतो. एकदा करून पाहिलं तर निकेल ६ वरून अडीचवर आलं, एकच्या खाली गेलं नाही. ‘नाही जमत’ म्हणून पर्याय बाजूला पडला. अडीचवर का अडकलं हे तेव्हाच विचारलं असतं तर पुढचे चार महिने वाचले असते.

दुसरा पर्याय निकेलला पकडणारं चिलेटिंग रेझिन. खात्रीचं, पण सुरुवातीची गुंतवणूक मोठी आणि रोजच्या २४ ग्रॅमला पुरेल एवढं घ्यायचं तर युनिटच्या आवाक्याबाहेरचं. तिसरा, धातूला घट्ट धरून खाली बसवणारी सल्फरयुक्त रसायनं. ती जास्त झाली तर पाण्यातल्या जीवांना घातक, त्यामुळे सोडून दिली. सक्रिय कार्बनचं नाव निघालंच, नेहमी निघतं. साधा सक्रिय कार्बन रंग आणि सेंद्रिय पदार्थांसाठी उत्तम, पण निकेलच्या आयनांना त्याचा फारसा लळा नाही.

शेवटचा पर्याय वनस्पतिजन्य अधिशोषकाचा. लाकूड, साली, तूस, चिपाडं, काथ्या या सगळ्यांत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं; त्यांवरचे कार्बोक्सिल आणि फिनॉलिक गट धनभारित धातूंना धरतात. सामू ३ च्या खाली गेला तर त्या जागा हायड्रोजन आयन अडवतात, ८ च्या वर गेला तर धातू चिकटण्याऐवजी साक्याच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या गाळाच्या, रूपात खाली बसतो. कामाचा पट्टा ५ ते ६.५. पकडही सगळ्या धातूंसाठी सारखी नसते: शिसं सर्वांत घट्ट, मग तांबं, मग कॅडमियम आणि जस्त, आणि निकेल बहुतेक वेळा रांगेच्या शेवटी. या पद्धतीचे छापून आलेले छान आकडे पुष्कळदा शिशाचे असतात. निकेलसाठी ते गृहीत धरले की गणित चुकलंच.

साहित्य चार प्रकारचं तपासलं. संत्र्याच्या सालीत पेक्टिनमुळे कार्बोक्सिल गट भरपूर, पण ती फुगते, बुळबुळीत होते आणि दोन दिवसांत पाणी पुढे सरकू देत नाही. भाताच्या तुसातून पाणी सुरेख वाहतं, पण त्यात सिलिका बरीच आणि न प्रक्रिया करता पकड कमी. उसाच्या चिपाडातला मऊ गर थर चोंदवतो. तो वेगळा काढायचा म्हणजे आणखी एक काम. लाकडाचा भुसा पकडीत मध्यम, पण चाळून एकसारखा मिळतो आणि रचल्यावर टिकतो. भुसा निवडला. निवड बरोबर होती. मात्र भुसा कोणत्या लाकडाचा हे पाहणं भाग आहे: वाळवीपासून वाचवायला मुरवलेल्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, आणि प्लायवुडच्या भुशात डिंक. म्हणून प्रत्येक पोत्यातला नमुना सामू ४ च्या ऊर्ध्वपातित पाण्यात २४ तास भिजवून ते पाणी धातूंसाठी तपासायचं. एक पोतं या चाचणीत बाद झालं.

भुशाला सायट्रिक आम्ल लावून १२० अंशांवर दीड तास तापवलं तर नवे कार्बोक्सिल गट जोडले जातात आणि पकड वाढते, हे खरं आहे. प्रयोगशाळेच्या भट्टीत १०० ग्रॅमसाठी ते जमतं. २५ किलोच्या ढिगात कडा करपतात, मध्य ओला राहतो, आणि नीट न धुतलेलं सायट्रिक आम्ल निकेलला पाण्यातच धरून ठेवतं. म्हणून साधी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया ठरली.

भुसा तयार करण्याची रीत

०.५ ते २ मिलिमीटरच्या चाळण्यांमधला भाग घ्यायचा. त्याहून बारीक भुसा थर बंद पाडतो, जाड तुकड्यांच्या आत धातू पोचायला वेळ लागतो. गरम पाण्याने दोनदा धुऊन २५ किलो कोरड्या भुशाला २५० लिटर पाण्यात १ किलो कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. चार तास अधूनमधून ढवळायचं, पाणी काढून टाकायचं, मग धुवायचं. हे धुणं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पाण्याचा सामू ८ च्या खाली येईपर्यंत सहा-सात वेळा, शेवटी अगदी पातळ सल्फ्युरिक आम्लाने ६.५ वर. इथे सायट्रिक आम्ल वापरायचं नाही, कारण वर सांगितलंच. प्रक्रियेत भुशाचं वजनही घटतं, त्यामुळे सुरुवातीलाच जास्त घ्यावा लागतो.

निघालेलं तपकिरी पाणी हा वेगळाच प्रश्न. पहिल्या खेपेला ते सरळ चुन्याच्या टाकीत ओतलं. पुढचे दोन दिवस पुंजके बसेनात आणि तांबं, निकेल दोन्ही वाढले, कारण विरघळलेले लिग्निनचे तुकडे आणि टॅनिन धातूला धरून तरंगत ठेवतात. धातू काढायला आणलेल्या वस्तूनेच धातू पाण्यात राखला. नंतर हे पाणी वेगळ्या पिंपात घेऊन सामू ३ च्या खाली आणलं, बसलेलं लिग्निन काढलं आणि वरचं पाणी सामू सातवर आणून जैविक प्रक्रियेच्या टाकीत थोडं थोडं सोडलं.

बीकरमधले ९५ टक्के

प्रयोगशाळेचा पहिला अहवाल असा: निकेल सल्फेटचं २० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण, लिटरला ५ ग्रॅम भुसा, दोन तास हलवणं, ९५ टक्के निकेल गेलं. या एका आकड्यावर पुढचा खर्च मंजूर झाला.

दोन गोष्टी त्यात नव्हत्या. शेवटचा सामू नोंदला नव्हता, आणि भुसा नीट न धुतलेला होता. चाचणी पुन्हा केली तेव्हा शेवटचा सामू ९.४ निघाला. भुशात उरलेल्या कॉस्टिकनेच निकेल साक्यात बसवलं होतं. भुसा नुसता साक्षीला होता. नीट धुऊन, सामू ६ वर धरून ठेवल्यावर ९५ चे ७५ टक्के झाले: २० चं ५ राहिलं, म्हणजे ग्रॅम भुशामागे ३ मिलिग्रॅम.

हाच आकडा खरा उपयोगाचा. टक्केवारी भुसा वाढवून हवी तेवढी वाढवता येते. ग्रॅममागे किती मिलिग्रॅम आणि शेवटी पाण्यात किती उरलं, या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय अधिशोषणाचा निकाल वाचताच येत नाही.

मग खरं पाणी घेतलं. चुन्याच्या टाकीतल्या पाण्यात ५ ग्रॅम भुशाने निकेल ६ वरून जेमतेम ३.७ वर आलं, ग्रॅममागे ०.४६ मिलिग्रॅम. कारण कॅल्शियम. त्या पाण्यात ते लिटरला २४० मिलिग्रॅम होतं, म्हणजे ६ मिलिमोल (मोल हे आयनांची संख्या मोजायचं एकक), तर निकेल ०.१ मिलिमोल. एका निकेलमागे साठ कॅल्शियम आयन त्याच जागांसाठी रांगेत उभे. भुशाला निकेल जास्त आवडतं खरं, पण साठपट गर्दीपुढे आवडीचं काही चालत नाही.

चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरून तेच पाणी निवळलं तर कॅल्शियम नळाच्या पाण्यातलं तेवढं, ४० मिलिग्रॅमच्या आसपास राहतं. त्यात निकेल ६ वरून २.२ वर आलं.

इथेच आणखी एक खूण दिसली. या दुसऱ्या पाण्यात भुशाची मात्रा वाढवत नेली: लिटरला ५, १०, २०, ४० ग्रॅम. उरलेलं निकेल २.२, १.६, १.२, १.०. २० चे ४० ग्रॅम केले तरी फक्त ०.२ चा फरक. सगळं निकेल मुक्त असतं तर ४० ग्रॅमला ते ०.४ च्या जवळ जायला हवं होतं. म्हणजे लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम निकेल कशाला तरी बांधलेलं होतं, आणि भुसा कितीही ओतला तरी ते हाती लागणार नव्हतं. ही खूण प्रयोगशाळेच्या वहीत तशीच पडून राहिली, कारण तोवर ड्रम आले होते.

उभारणी आणि पहिले नऊ दिवस

२०० लिटरचे दोन ड्रम एकामागे एक. प्रत्येकात खाली १० सेंटिमीटर खडी, त्यावर प्लॅस्टिकची जाळी, मग १५० लिटर आकारमानाचा, कोरड्या वजनाने २७ किलो भुसा. भुसा २४ तास आधी भिजवून लगद्यासारखा ओतायचा. कोरडा भरून पाणी सोडलं तर तो आत फुगून कुठे घट्ट, कुठे सैल बसतो आणि पाणी सैल जागेतून वाट काढतं. सुरुवातीला स्वच्छ पाणी सोडून रंग जाईपर्यंत वाहू द्यायचं. पाणी ताशी ५०० लिटर, वरून खाली. वाळूच्या फिल्टरनंतर आम्लाचा छोटा पंप लावून सामू ६ वर आणायचा होता.

चुना मात्र तसाच ठेवला. कॉस्टिकचा गाळ हलका, उशिरा बसतो, त्याला पुंजके एकत्र बांधणारं पॉलिमर लागतं. बदल नको म्हणून तो पुढे ढकलला.

पहिले नऊ दिवस निकाल उत्तम. बाहेर निकेल १ च्या खाली, सरासरी ०.७. प्रयोगशाळेपेक्षा ड्रम सरस, असं बोललं जाऊ लागलं.

जमाखर्च मांडला असता तर संशय तिथेच आला असता. नऊ दिवसांत ३६,००० लिटर पाणी, लिटरमागे ५.३ मिलिग्रॅम अडवलं, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम निकेल ड्रममध्ये. याच पाण्यात ग्रॅममागे ०.४६ मिलिग्रॅम मिळालं होतं. ड्रममध्ये येणारं पाणी जास्त तीव्र म्हणून दुप्पट धरू, तरी ५४ किलो भुसा ५० ग्रॅमपेक्षा जास्त धरू शकत नव्हता. उरलेले १४० ग्रॅम चिकटलेले नव्हते, अडकलेले होते.

बिघाड

दहाव्या दिवशी ऑपरेटरच्या लक्षात आलं की आम्लाचा पंप हवा ओढतोय. म्हणजे बरेच दिवस पाणी सामू ८.८ लाच ड्रममध्ये जात होतं. त्याने हवा काढली, पंप एकदम जोरात चालला, आणि दुपारपर्यंत ड्रममध्ये शिरणाऱ्या पाण्याचा सामू ३.२. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या पाण्यात निकेल १४ मिलिग्रॅम. आत येत होतं त्याच्या दुपटीहून जास्त.

पहिला तर्क असा झाला की तांबं जास्त घट्ट चिकटतं, त्याने निकेलला ढकलून बाहेर काढलं. असं होतं हे खरं, पण इथे हिशेब बसत नाही. येणारं तांबं १.२ मिलिग्रॅम म्हणजे ०.०१९ मिलिमोल. एका तांब्याने एक निकेल हुसकावलं तरी वाढ लिटरला १.१ मिलिग्रॅमच. ६ चे ७ होतील, १४ नाही. कॅल्शियम त्या दिवशी रोजच्याएवढंच होतं.

आम्लाचा हिशेब मात्र बसतो. सामू ३.२ ला लिटरमध्ये ०.६३ मिलिमोल हायड्रोजन आयन; निकेल हायड्रॉक्साइडचा एक रेणू विरघळायला दोन लागतात; म्हणजे लिटरमागे १८ मिलिग्रॅमपर्यंत निकेल सुटू शकतं. खात्रीसाठी ड्रमच्या तोंडाशी पाण्याचे दोन नमुने घेतले, एक तसाच, एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेला. न गाळलेल्यात ६.०, गाळलेल्यात ३.३. जवळजवळ निम्मं निकेल बारीक पुंजक्यांच्या रूपात येत होतं. वाळू जुनी आणि भरड, ते तिच्यातून पार होत होते. भुसा त्यांना गाळत होता, अल्कधर्मी थरात आणखी निकेल साक्यात बसत होतं, आणि आम्ल आल्याबरोबर सगळं एकदम सुटलं.

त्या दोन नमुन्यांना अर्धा तास लागला. ते पहिल्या आठवड्यात घेतले असते तर ड्रम भरायच्या आधीच वाळू बदलली असती.

याच काळात सोमवारची एक कुरबुर होती. सुट्टीत ड्रममध्ये पाणी उभं राही; सोमवारी पहिलं पाणी काळपट, वास मारणारं आणि निकेल जास्त असलेलं. ओला भुसा म्हणजे जीवाणूंचं अन्नच. प्राणवायू संपला की सेंद्रिय आम्लं तयार होतात, सामू उतरतो, धातू सुटतो. ड्रम रिकामा ठेवला तर भुसा आकसून भेगा पडतात. शेवटी शनिवारी पाणी काढून झाकण बंद ठेवायचं, सोमवारी खालून वर सावकाश पाणी भरून हवा बाहेर घालवायची आणि पहिलं १५० लिटर पुन्हा टाकीच्या सुरुवातीला न्यायचं असं ठरलं. ते पुरलं.

दुसऱ्या फेरीत काय केलं

काम थांबवून आधी ड्रमच्या अलीकडचं सगळं सुधारलं.

चुन्याऐवजी कॉस्टिक आणि पॉलिमर, सामू १०.२ वर आपोआप धरणारा पंप. फिल्टरची वाळू बदलली. आम्लाच्या पंपापुढे सामू ५ च्या खाली गेला तर पाणी थांबवणारी झडप.

बांधलेलं निकेल शोधायला प्रत्येक धुण्याच्या टाकीचं पाणी वेगवेगळं तपासलं. विजेशिवाय निकेलचा मुलामा देणारी एक छोटी बाथ, म्हणजे द्रावणाची टाकी, होती, तिचं धुणं दिवसाला फक्त १५० लिटर. अशा बाथमध्ये निकेल विरघळलेलं राहावं म्हणून सायट्रेट, लॅक्टेट यांसारखी संयुगं मुद्दाम घातलेली असतात. ते १५० लिटर बाकीच्या पाण्यात मिसळून सगळ्यांनाच बिघडवत होते. ते वेगळ्या टाकीत घेऊन वापरलेल्या बाथबरोबर विल्हेवाटीला पाठवायला सुरुवात केली. सामू वाढवूनही निकेल अडीचवर का अडकलं होतं, याचं उत्तर हेच.

तिसरा बदल पाण्याच्या आकारमानात. एकाच टाकीत धुण्याऐवजी तीन टाक्या ओळीने, पाणी भागांच्या उलट दिशेने. रोजचं पाणी ४,००० वरून १,६०० लिटर. याचा फायदा सहज लक्षात येत नाही. साका बसल्यावर पाण्यात उरणारं निकेल मुख्यतः सामू आणि गाळणीवर ठरतं, आधी किती होतं यावर कमी. त्यामुळे पाण्याचे लिटर घटले की उरलेल्या निकेलचे ग्रॅमही त्याच प्रमाणात घटतात.

आता ड्रमच्या तोंडाशी निकेल १.८. रोजचा भार २४ ग्रॅमऐवजी २.९ ग्रॅम.

एक अपेक्षा इथे फोल ठरली. निकेल तिपटीने कमी झालं म्हणून भुसा तिप्पट लिटर पाणी साफ करील असं वाटलं होतं. एवढ्या कमी तीव्रतेला तसं होत नाही. पाण्यात धातू निम्मा झाला की भुशावर चिकटणाराही जवळजवळ निम्मा होतो. किलोमागे ३६० लिटर मिळाले, ग्रॅममागे ०.६५ मिलिग्रॅम. २७ किलोच्या ड्रमला सुमारे ९,७०० लिटर, म्हणजे सहा दिवस. सहा दिवस मिळाले ते मुख्यतः लिटर कमी झाल्यामुळे.

पहिला ड्रम संपला की दुसरा पुढे आणायचा आणि ताजा मागे लावायचा. पहिल्या ड्रमच्या बाहेर निकेल १ वर पोचलं की तो संपला, दुसरा राखीव.

संपलेल्या भुशाचं काय

धातू नाहीसा होत नाही, जागा बदलतो. संपलेला भुसा खत म्हणून किंवा झाडांच्या बुडाशी टाकण्याची सूचना आली. तसं करणं म्हणजे काढलेलं निकेल मातीतून पुन्हा पाण्याकडे पाठवणं. उघड्यावर जाळणं त्याहून वाईट: राखेत धातू एकवटतो, बारीक धूळ हवेत जाते, आणि निकेलची संयुगं श्वासातून कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत, गणली जातात.

आम्लाने धुऊन पुन्हा वापरणं करून पाहिलं. लिटरला ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल, एका ड्रमला ३०० लिटर; म्हणजे ३५ टक्क्यांचं आम्ल सुमारे २.७ लिटर. सल्फ्युरिक टाळलं, कारण भुशावरच्या कॅल्शियमशी ते जिप्सम बनवून थर घट्ट करतं. नंतर पातळ कॉस्टिकने सामू परत वर. निघालेलं पाणी निकेलने लिटरला ५८ मिलिग्रॅमपर्यंत तीव्र. ते थोडं थोडं सुरुवातीच्या टाकीत सोडून साक्यात बसवता येतं.

हिशेबात हा सौदा फारसा चांगला नाही. साडेसतरा ग्रॅम निकेल सोडवायला किलोभर शुद्ध आम्ल आणि त्यामागे कॉस्टिक, कारण आम्ल कॅल्शियम हटवण्यातही जातं. तेच आम्ल तीन वेळा फिरवून वापरलं तेव्हा कुठे परवडलं. तिसऱ्या धुण्यानंतर, म्हणजे चौथ्या फेरीत, भुशाची पकड मूळच्या पाऊणपट राहिली आणि तो दाबला जाऊन पाणी अडायला लागलं. चार फेऱ्यांनंतर भुसा निथळवून, वाळवून, बंद पिंपात घातक कचऱ्याच्या अधिकृत वाटेने पाठवायचा असं ठरलं. महिन्याला साधारण एक ड्रमभर.

निकाल

दुसरी फेरी सुरू झाल्यानंतरच्या नोंदींत बाहेर पडणारं निकेल ०.३ ते ०.६, तांबं ०.१ च्या खाली. पुढच्या तपासण्या पास झाल्या. पाण्याला पहिल्या दिवसाचा हलका पिवळेपणा सोडला तर रंग नाही.

मधे क्रोमचं धुणंही याच ड्रममधून काढावं असा प्रस्ताव आला, तो वेळीच थांबला. सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित असतं, सामू ६ ला हा भुसा त्याला धरत नाही. सामू २ ला ते गायब झाल्यासारखं दिसतं, कारण लाकूड त्याचं तीन-संयुजी क्रोमियम करतं. सहा-संयुजीची रंगचाचणी शून्य दाखवते आणि एकूण क्रोमियम पाण्यात तसंच असू शकतं.

वेगळं काय करता आलं असतं

रेझिन नाकारलं ते २४ ग्रॅमच्या भारावर. भार २.९ ग्रॅमवर आल्यावर तो पर्याय पुन्हा तोललाच नाही. रेझिनने लिटरमागे १० ग्रॅम निकेल धरलं असं अगदी हात राखून मानलं, तरी २५ लिटरचा छोटा स्तंभ जवळजवळ तीन महिने चालला असता. ना दर सहा दिवसांनी ड्रम बदलणं, ना सोमवारचा वास. भुसा कायम ठेवला तो मुख्यतः ड्रम उभे होते म्हणून. जिथे भुसा हाताशी आहे, माणसं आहेत आणि भार दिवसाला दोन-तीन ग्रॅमच्या आत आहे तिथे तो चालेल. दहा ग्रॅमच्या पुढे भुसा तयार करणं हाच एक स्वतंत्र धंदा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. सामू १०.२ वर बसवलेलं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळलं तर त्यात निकेल फक्त ०.६ निघालं. म्हणजे ड्रमच्या तोंडाशी दिसणाऱ्या १.८ पैकी १.२ मिलिग्रॅम हे वाळूतून निसटलेले अतिबारीक पुंजके आहेत. ते सामू ६ ला विरघळतात आणि मग भुसा त्यांना धरतो. चांगली गाळणी असती तर भुशाची गरजच पडली नसती का? ५ मायक्रॉनची कार्ट्रिज लावून पाहिली, ती चिकट हायड्रॉक्साइडने दोन पाळ्यांत बंद पडली. मागून उलटं पाणी मारून साफ होणाऱ्या पडद्याच्या गाळणीची चाचणी अजून झालेली नाही. ती होईपर्यंत ड्रम चालू आहेत, आणि वहीत रोज तीन आकडे लिहिले जातात: ड्रमच्या तोंडाशी गाळलेलं निकेल, न गाळलेलं निकेल, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू.